दोन विमानांमधले हजार फूट



कामगार संघटनेच्या कामात ज्याचे निम्म्याहून अधिक आयुष्य गेले, त्या माणसाने विमानांवर बोलावे याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. मी वैमानिक नाही, अभियंता नाही. कॉलेजची पायरीही मी चढलेलो नाही. जे काही शिकलो ते वाचनालयात बसून आणि चौकशीच्या टेबलाशी बसून. परंतु चौकशी हा विषय मला बऱ्यापैकी ठाऊक आहे. अपघात झाला की चौकशी होते, चौकशीचा अहवाल होतो, आणि त्या अहवालात कोठे ना कोठे एका माणसाचे नाव येते. ते नाव तेथे कसे येऊन बसते हे मी तीस वर्षे पाहत आलो आहे. आजचा विषय मी निवडला तो त्यामुळेच. विमानतळाजवळच्या आकाशात दोन विमानांमध्ये जे सुरक्षित अंतर राखावयाचे असते, ते कसे राखले जाते, आणि ते नाहीसे होते तेव्हा जमिनीवर काय काय घडून गेलेले असते, एवढेच मला सांगावयाचे आहे.

आधी अंतर म्हणजे काय ते पाहू. आपल्याला आगगाडीची गोष्ट माहीत आहे. एकेरी लोहमार्गावर दोन स्थानकांमधल्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी सोडावयाची, हा रेल्वेचा जुना नियम. ड्रायव्हरच्या हाती टोकन पडल्याखेरीज गाडी हलत नसे; आणि टोकन एकच असल्यामुळे समोरून दुसरी गाडी येण्याची भीती नसे. आकाशात रूळ नाहीत आणि हातात धरावे असे टोकनही नाही. तेथे दोन विमाने एकमेकांच्या वरून-खालून जावयाची असतील तर त्यांच्यात निदान १,००० फुटांचे अंतर असावे लागते. एकाच उंचीवर असतील तर रडारच्या आधाराने विमानतळाच्या आसपास साधारणतः ३ ते ५ सागरी मैल. सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. हे अंतर कोण राखतो? बुरुजात आणि रडारच्या खोलीत बसलेला हवाई वाहतूक नियंत्रक. तो सांगतो, तुम्ही १४,००० फुटांवर राहा; वैमानिक तेच शब्द परत उच्चारतो. शब्द गेला, शब्द परत आला, म्हणजे टोकन दिले गेले.

हजार फूट हा आकडा ऐकून मोठा वाटतो. पायी चालणाऱ्याला ते चार-पाच मिनिटांचे अंतर. मोठे जेट विमान तेवढे सपाट अंतर दोन सेकंदांत ओलांडते.

ही व्यवस्था एकदम उभी राहिली नाही. लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर १९२० साली नियंत्रणाचा बुरूज उभारला गेला. अमेरिकेत नेवार्क येथे डिसेंबर १९३५ मध्ये विमानकंपन्यांनी आपापसांत वर्गणी करून पहिले वाहतूक नियंत्रण केंद्र काढले. सरकारने ते पुढच्या वर्षी ताब्यात घेतले. तेथले कर्मचारी टेबलावर नकाशा पसरून, त्यावर विमानांच्या नावाचे लहान तुकडे हाताने सरकवीत. रडार नव्हते. गर्दीच्या मार्गांच्या बाहेर तर त्यानंतरही पुष्कळ वर्षे एकच नियम होता : आपण पाहावे आणि दुसऱ्याला दिसावे. ३० जून १९५६ रोजी अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनवर २१,००० फुटांच्या उंचीवर दोन प्रवासी विमाने या नियमाच्या भरवशावर एकमेकांवर आदळली आणि १२८ माणसे गेली. नियंत्रकांकडे पुरेशी रडारयंत्रे आणि पुरेशी माणसे नाहीत ही ओरड आधीपासून होती. कायदा आला १९५८ साली. साडेचार वर्षांनी, १६ डिसेंबर १९६० रोजी, न्यूयॉर्कच्या विमानतळांजवळच दुसरी टक्कर झाली. उतरण्यापूर्वी जेथे घिरट्या घालीत थांबावयाचे ते ठिकाण एक जेट विमान ओलांडून गेले होते, आणि आपले दिशा दाखविणारे एक उपकरण बंद असल्याचे त्याने नियंत्रकाला कळविले नव्हते. विमानांतील १२८ आणि खाली ब्रुकलिनच्या रस्त्यावरील ६ माणसे मेली.

आता आपण आपल्या देशात येऊ. कारण हवेत दोन विमाने आदळून झालेल्या अपघातांत जगातला सर्वांत भीषण अपघात आपल्याकडे झाला आहे, आणि आज तिशीच्या आत असलेल्या पुष्कळांना त्याचे नावही ठाऊक नाही.

मंगळवार, १२ नोव्हेंबर १९९६. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सौदी अरेबियन एअरलाइन्सचे बोइंग ७४७ जातीचे विमान दिल्लीहून धाहरानमार्गे जेद्दाहला जाण्यासाठी निघाले. विमानात ३१२ माणसे होती. त्यांतील दोनशेहून अधिक भारतीय, चाळीसेक नेपाळी. पुष्कळजण कामासाठी निघालेले किंवा सुट्टी संपवून कामावर परतणारे मजूर. आखातात जाणाऱ्या मजुराचे विमान म्हणजे काय असते, हे कोकणातल्या माणसाला सांगावयास नको. पासपोर्ट जपून ठेवलेली पिशवी, एजंटाला देण्यासाठी काढलेले कर्ज, आणि दोन वर्षांनी परत येईन असे घरी दिलेले वचन. अशा माणसांनी ते विमान भरलेले होते.

त्याच वेळी कझाकस्तानातील श्यमकेंत या गावाहून एक इल्यूशिन ७६ जातीचे विमान दिल्लीला येत होते. त्यात ३७ माणसे होती. किरगिझस्तानातून दिल्लीत माल खरेदीसाठी येणारे छोटे व्यापारीही त्यांत होते. सोव्हिएत संघ १९९१ साली मोडला, कारखाने बंद पडले, आणि तेथली पुष्कळ माणसे पोटासाठी परमुलखातून कपडालत्ता आणून बाजारात विकू लागली. म्हणजे एका विमानात पोटासाठी देश सोडून जाणारे, दुसऱ्यात पोटासाठी आपल्या देशात येणारे.

दोन्ही विमाने समोरासमोर येत होती, कारण दिल्लीच्या पश्चिमेला येण्याची आणि जाण्याची हवाई वाट एकच होती. दिल्लीभोवतीच्या आकाशाचा बराच मोठा भाग वायुदलासाठी राखीव असल्यामुळे मुलकी विमानांच्या वाट्याला ही एक पट्टी आलेली. जाणाराही तीतूनच, येणाराही तीतूनच. फक्त उंची वेगळी ठेवावयाची.

नियंत्रक व्ही. के. दत्ता यांनी ती वेगळी ठेवली होती. सौदी विमानाला १४,००० फुटांवर थांबावयास सांगितले होते, कझाक विमानाला १५,०००वर. कझाक विमानाने आपण १५,०००वर आलो असे कळविले. दत्ता यांनी त्याला ती उंची राखावयास सांगितली आणि समोरून चौदा मैलांवर सौदी बोइंग येत आहे, दिसले की कळवा, असे बजावले. तिकडून प्रश्न आला, किती मैल? उत्तर दिले, चौदा. मग पुन्हा सांगितले, आता तेरा, आणि ते १४,००० फुटांवर आहे. पाहतो आहोत, असे उत्तर आले. चौदा सागरी मैल म्हणजे सुमारे सव्वीस किलोमीटर. दोन्ही विमानांचा वेग एकत्र धरला तर तेवढे सरायला एक-सव्वा मिनिट लागते.

सहा वाजून चाळीस मिनिटांच्या सुमारास रडारच्या पडद्यावरचे दोन ठिपके एक झाले आणि मग दिसेनासे झाले. दत्ता हाका मारीत राहिले. दिल्लीकडे येत असलेल्या एका अमेरिकन लष्करी मालवाहू विमानाच्या वैमानिकांनी ढगात नारिंगी उजेड पेटलेला पाहिला व तो त्यांनी कळविला. हरियाणातील चरखी दादरीच्या परिसरात, शेतांवर, दोन्ही विमानांचे अवशेष पडले. ३४९ माणसे होती, सगळी गेली. दोन विमानांचे तुकडे काही मैलांच्या अंतराने दोन वेगळ्या जिल्ह्यांच्या हद्दीत पडले होते. रात्रीच्या अंधारात आधी पोहोचले ते गावकरी, हातात कंदील आणि ट्रॅक्टरचे दिवे घेऊन.

चौकशीसाठी दिल्ली उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायाधीश रमेशचंद्र लाहोटी यांचा आयोग नेमला गेला. हेच पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. दोन्ही विमानांच्या ध्वनिमुद्रणाच्या आणि नोंदीच्या पेट्या मॉस्कोत व इंग्लंडात उलगडण्यात आल्या. निष्कर्ष असा : कझाक विमानाने परवानगी नसताना १५,००० फुटांची पातळी सोडली आणि ते खाली, १४,०००च्या जवळ आले. वैमानिकांचे इंग्रजीचे अपुरे ज्ञान, त्यांच्यातील मेळाचा अभाव आणि कामातील ढिलाई ही कारणे नोंदली गेली. कझाक बाजूने ढगातील हेलकाव्यांमुळे विमान खाली आले असा पक्ष मांडला होता. आयोगाने तो मानला नाही.

मीही मानत नाही. पेट्यांत जे नोंदले गेले ते स्पष्ट आहे. दत्ता यांचे शब्द बरोबर होते, सौदी वैमानिक सांगितलेल्या उंचीवर होते. परंतु दोष कोणाचा हे ठरल्यावर चौकशी संपते असे ज्यांना वाटते, त्यांच्याशी माझे भांडण आहे. तो आमच्या धंद्यातला जुना तंटा आहे.

आता कझाक विमानातल्या त्या बिनतारी संदेशकाकडे पाहा. सोव्हिएत पद्धतीच्या या विमानांत वैमानिक नियंत्रकाशी स्वतः बोलत नसत; बोलण्यासाठी निराळा माणूस असे. इंग्रजीत आलेले ऐकावयाचे, रशियनमध्ये सांगावयाचे, उत्तर पुन्हा इंग्रजीत द्यावयाचे. त्यातून ही मंडळी आयुष्यभर उंची मीटरमध्ये मोजत आलेली, येथे फूट. आणि ज्याच्या तोंडून विमानाची उंची जगाला कळावयाची, त्या माणसाच्या पुढ्यात स्वतःचे उंचीमापक नव्हते. वैमानिकांच्या खांद्यावरून वाकून त्याला आकडा वाचावा लागे. शेवटच्या क्षणांत त्यानेच तो वाचला. आपण १५,०००वर नाही, समोरचा १४,०००वर आहे, हे त्याच्या ध्यानात आले आणि वर चला असे तो ओरडला. मुख्य वैमानिकाने इंजिने पूर्ण जोराने चालविली. विमान वर चढू लागले, आणि चढताना त्याच्या शेपटाने सौदी विमानाचा डावा पंख कापला. चढले नसते तर बहुधा ते खालून निघून गेले असते, असे तपासणाऱ्यांचे म्हणणे आहे. एवढ्या मोठ्या विमानात अखेरपर्यंत आपले काम करणारा माणूस तो एकटा दिसतो, आणि त्याच्या कामाने टक्कर झाली. असे दैव शत्रूलाही न येवो.

दत्ता यांच्या पुढ्यात काय होते तेही पाहावयास हवे. त्यांच्याजवळचे रडार जुन्या पद्धतीचे, प्राथमिक. ते विमान कोठे आहे ते दाखवी. किती उंच आहे ते दाखवीत नसे. दुय्यम रडार या नावाने ओळखले जाणारे यंत्र विमानातल्या उपकरणाकडून उंची विचारून घेते आणि ठिपक्याशेजारी आकडा उमटविते. ते जगात अनेक विमानतळांवर कित्येक वर्षे रुळलेले होते. दिल्लीत ते कामाला लागलेले नव्हते. म्हणजे पडद्यावर दोन ठिपके जवळ येताना दत्ता पाहू शकत होते, पण खालचा कोण आणि वरचा कोण हे त्यांना फक्त ऐकून ठाऊक होते. ते हजार फूट आकाशात होतेच असे नाही. ते एका माणसाने दुसऱ्याला सांगितलेल्या वाक्यात होते. दूरच्या मुंबईतल्या गिरणीत यंत्राला जाळी नाही म्हणून कामगाराचा हात जातो, तेव्हा पुस्तकात “निष्काळजीपणा” लिहितात. जाळी का नव्हती हा प्रश्न खरेदी खात्याच्या फायलीत राहतो.

एका कारखान्यात मी पाहिले आहे. नाव सांगण्याचे कारण नाही. अपघाताचा तक्ता छापील होता, आणि कारणाच्या रकान्यात “कामगाराची चूक” हे शब्द आधीच छापलेले होते. पर्यवेक्षकाने फक्त खूण करावयाची. छपाईचा खर्च वाचावा एवढाच हेतू असेल. मी वाईट अर्थ काढीत नाही.

आणखी एक गोष्ट. समोरचे विमान जवळ आले की वैमानिकाला आपोआप इशारा देणारे, वर जा किंवा खाली जा असे सांगणारे यंत्र तेव्हा निघालेले होते. १९८६ साली लॉस एंजेलिसजवळ सेरीटोस येथे एक प्रवासी विमान आणि एक छोटे खाजगी विमान आदळून ८२ माणसे मेली, त्यानंतर अमेरिकेने ते मोठ्या प्रवासी विमानांना सक्तीचे केले. १९९३ अखेरपर्यंतची मुदत दिली. चरखी दादरीच्या दोन्ही विमानांत ते नव्हते. आपल्या देशाने सक्ती केली ती ३४९ माणसे गेल्यावर. येण्याची आणि जाण्याची वाटही त्यानंतर वेगळी झाली. दुय्यम रडारही आले. वायुदलाच्या आकाशातून जागा निघू शकत होती, पैसे निघू शकत होते, यंत्रे बसू शकत होती. हे सगळे १३ नोव्हेंबर १९९६ला जितके शक्य होते तितकेच ११ नोव्हेंबरलाही होते.

दत्ता यांचे नाव कोणी आरोपीच्या पिंजऱ्यात नेले नाही, ही समाधानाची गोष्ट. याच धंद्यातल्या दुसऱ्या एका माणसाची हकिकत वेगळी आहे, आणि ती सांगण्यासाठी मला वीस वर्षे मागे, युरोपात जावे लागेल.

१० सप्टेंबर १९७६. युगोस्लाव्हियातील झाग्रेब. ते शहर तेव्हा युरोपच्या हवाई वाहतुकीचे मोठे नाके होते. उत्तरेकडून तुर्कस्तानकडे जाणारी आणि समुद्रकिनाऱ्यावरून जर्मनीकडे परतणारी विमाने तेथे एकमेकांना छेदत. वाहतूक वाढली होती, माणसे वाढली नव्हती. आकाशाचे उंचीप्रमाणे तीन थर केलेले. वरच्या थरावर ग्रादिमिर तासिच हा अठ्ठावीस वर्षांचा नियंत्रक बसला होता. तेथे दोघांनी बसावयाचे. बदली माणूस वेळेवर आला नाही म्हणून जोडीदार त्याला शोधावयास उठून गेला, आणि तासिच एकटा राहिला. अकरा विमाने की किती हा हिशेब वेगळा. मुद्दा हा की दोघांचे काम एकाच्या कानांवर आणि एकाच्या तोंडावर आले.

मधल्या थरातून एक विमान वर चढत होते. ते वरच्या थरात येते आहे हे तासिचला रीतसर, वेळेवर कळले नाही. त्या विमानाने त्याच्याशी संपर्क साधला तेव्हा ते ३२,५०० फूट ओलांडत होते, आणि समोरून एक ब्रिटिश विमान ३३,०००वर येत होते. दोघांमध्ये सेकंद उरले होते. तासिचने इंग्रजी सोडले आणि आपल्या मातृभाषेत सांगितले, आहे त्या उंचीवर थांबा. कोणत्या उंचीवर, असा प्रश्न आला. आता ज्या उंचीवर आहात त्याच. वैमानिकाने आज्ञा पाळली. चढणारे विमान थांबले ते बरोबर ३३,०००वर. सांगितले नसते तर कदाचित ते वरून निघून गेले असते. १७६ माणसे गेली.

आज्ञा चुकली, हे खरे. घाबरलेल्या माणसाच्या तोंडी मातृभाषा आली, हेही खरे. भाषेचा नियम मोडला. त्याच दिवशी नियंत्रकांना पकडण्यात आले. १९७७ साली खटला चालला. बाकीचे सुटले. तासिचला सात वर्षांची शिक्षा झाली. बदली माणूस का आला नाही, दोघांच्या जागी एकाला बसू देण्याची चाल कोणी पाडली, माणसे किती मंजूर होती आणि किती हजर होती, हे प्रश्न न्यायालयात निघाले नाहीत असे नाही; पण तुरुंगात गेला तो शेवटचा शब्द बोलणारा. जगभरच्या नियंत्रकांनी त्याच्यासाठी अर्ज-विनंत्या केल्या आणि १९७८च्या अखेरीस तो सुटला. माझ्या मते कामगारांच्या आंतरराष्ट्रीय बंधुभावाचे हे एक लखलखीत उदाहरण आहे, आणि आमच्या चळवळीच्या पुस्तकांत ते सापडत नाही. आम्ही गिरण्या आणि गोद्यांच्या पलीकडे फारसे पाहिले नाही.

दोघांचे काम एकाकडे देणे ही गोष्ट मुंबईला नवी नाही. १९२८ साली गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा संप झाला त्याच्या मुळाशी हेच होते. दोन मागांऐवजी तीन माग एका विणकराने चालवावेत. त्याला मालक कार्यक्षमता म्हणत. मागावर चूक झाली तर कापड बिघडते. नियंत्रकाच्या टेबलावर झाली तर काय होते ते आपण ऐकलेच.

अमेरिकेतल्या नियंत्रकांनी ३ ऑगस्ट १९८१ रोजी संप केला तेव्हा पगाराबरोबर त्यांची एक मागणी आठवड्याला ३२ तासांच्या कामाची होती. सरकारी नोकरांना तेथे संपाचा हक्क नाही. अध्यक्ष रेगन यांनी अठ्ठेचाळीस तासांची मुदत दिली आणि अकरा हजारांहून अधिक नियंत्रकांना कामावरून काढून टाकले. मागणी बरोबर की चूक यावर दोन मते होऊ शकतात. संपाची वेळ आणि पद्धत याविषयी माझेही मत फारसे अनुकूल नाही. परंतु ज्यांना काढले त्यांना पुन्हा घेण्यावरची बंदी १९९३ साली उठली. बारा वर्षे हे अनुभवी हात विमानतळांच्या बाहेर राहिले.

आता २००२ सालाकडे येतो. १ जुलैची रात्र. स्वित्झर्लंडच्या झुरिच केंद्राच्या ताब्यातले, जर्मनीच्या हद्दीवरचे उबरलिंगन गाव. दोन नियंत्रक पाळीवर. त्यांतला एक विश्रांतीला गेलेला. ही चाल तेथे वर्षानुवर्षे होती आणि व्यवस्थापनाला ठाऊक होती. पीटर नील्सन एकटा दोन टेबले सांभाळीत होता. त्या रात्री यंत्रांची दुरुस्ती चालली होती. मुख्य टेलिफोन बंद, धोक्याचा इशारा पडद्यावर उमटविणारी सोयही बंद. शेजारच्या फ्रीड्रिश्सहाफेन विमानतळावर एक उशिरा आलेले विमान उतरवावयाचे, आणि बंद टेलिफोनमुळे तेथे निरोप लागेना. नील्सन त्यात गुंतला होता. तिकडे कार्ल्सरूहेच्या नियंत्रकांना पडद्यावर ३६,००० फुटांवरची दोन विमाने जवळ येताना दिसत होती. ते टेलिफोन करीत होते, तो लागत नव्हता. नील्सनला दिसले तेव्हा त्याने रशियन विमानाला खाली जा म्हटले. त्याच विमानातले इशारायंत्र वर जा म्हणत होते. दुसऱ्या विमानातले यंत्र त्याला खाली जा म्हणत होते. रशियन वैमानिकांनी माणसाचे ऐकले. ७१ जण गेले. त्यांत चाळीसहून अधिक शाळकरी मुले, सुट्टीला निघालेली.

पुढच्या गोष्टीचे मला फार वाईट वाटते. २००४ साली, बायको आणि दोन्ही मुले या अपघातात गमावलेल्या एका बापाने नील्सनच्या दारात जाऊन त्याला भोसकून मारले. त्या बापाचे दुःख मोजण्याची माझी प्राज्ञा नाही. परंतु त्यालाही शेवटी एकच माणूस दिसला, तो टेबलाशी बसलेला. न्यायालयाला मात्र २००७ साली दुसरे काही दिसले. स्विस न्यायालयाने नियंत्रण कंपनीच्या चार जणांना दोषी ठरविले. त्यांत तीन व्यवस्थापक होते. शिक्षा सौम्य होत्या आणि स्थगित होत्या. पण रात्रपाळीला एकाला झोपू देण्याची चाल ज्यांनी चालू ठेवली, त्यांची नावे निकालपत्रात आली. झाग्रेबच्या खटल्यापासून या निकालापर्यंत तीस वर्षे लागली.

या तीस वर्षांत शहाणपण पक्के झाले असे मला म्हणता आले असते तर बरे होते. २९ जानेवारी २०२५ रोजी रात्री अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनच्या विमानतळाजवळ पोटोमॅक नदीवर उतरणारे प्रवासी विमान आणि लष्कराचे हेलिकॉप्टर आदळले. ६७ माणसे गेली. हेलिकॉप्टरांचे नियंत्रण आणि विमानांचे नियंत्रण या बुरुजातल्या दोन वेगळ्या जागा. त्या रात्री त्या एकत्र करून एकाच माणसाकडे दिलेल्या होत्या. नदीवरून हेलिकॉप्टरांना जो मार्ग आखून दिला होता त्याची कमाल उंची २०० फूट. एका धावपट्टीवर उतरणारी विमाने त्याच मार्गावरून जात. हेलिकॉप्टर नदीच्या पूर्व काठाला धरून, नेमक्या २०० फुटांवर चालले, तरी दोघांत सुमारे ७५ फूटच उरत. हजार नव्हे, पंच्याहत्तर.

तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने मार्च २०२५ मध्ये सरकारच्याच नोंदी चाळून सांगितले की २०२१ ते २०२४ या काळात त्या विमानतळावर विमान आणि हेलिकॉप्टर एका सागरी मैलाहून व ४०० फुटांहून जवळ आल्याचे १५,२१४ प्रसंग होते. त्यांतील ८५ प्रसंगी ती १,५०० फुटांहून जवळ, आणि उंचीतले अंतर २०० फुटांहून कमी. प्रत्येक प्रसंगाची नोंद झालेली होती. त्याच महिन्यात हेलिकॉप्टरांचा तो मार्ग विमानतळाजवळ कायमचा बंद करण्यात आला.